आयरिश पोलीस पणजोबा शोधताना: रजिस्टरच्या एका ओळीपासून कबरीपर्यंत

आमच्याकडे, म्हणजे आयर्लंडमध्ये कॉर्कला, सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात एक काळपट पडलेलं बटण होतं, त्यावर हार्प आणि वर मुकुट. लेकाने विचारलं हे कुणाचं, तर सासरे म्हणाले, "माझ्या आजोबांचं, ते सरकारी नोकरीत होते," आणि लगेच चहा टाकायला उठले. आपल्याकडे 'सरकारी नोकरी' म्हटलं की माणूस छाती पुढे काढून खातं, पद, पगार सगळं सांगतो, आणि इथे विषयच बंद! तिथून माझं हे खूळ सुरू झालं.

विषय का बंद, ते आधी सांगते, कारण शोधताना हे डोक्यात ठेवावंच लागतं. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी, थोडक्यात आरआयसी, ही ब्रिटिश राजवटीतली आयर्लंडची हत्यारबंद पोलीस. बहुतेक शिपाई कॅथलिक शेतकऱ्यांचीच पोरं. २१ जानेवारी १९१९ ला टिपररीत सोलोहेडबेगला याच फोर्सचे दोन कॉन्स्टेबल मारले गेले, तिथून स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं असं धरतात, आणि १९२२ च्या ऑगस्टपर्यंत फोर्सच बंद झाली. नंतर दक्षिणेत, म्हणजे स्वतंत्र झालेल्या भागात, 'आमचे आजोबा आरआयसीत होते' हे कोण मोठ्याने बोलणार? त्यामुळे घरातल्या आठवणी अर्धवट असतात, मुद्दाम गाळलेल्या असतात, कधी चक्क खोट्या असतात. कागद मात्र मस्त राहिलेत.

आणि आयर्लंडमध्ये हे नशीबच म्हणायचं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग आणि प्रोटेस्टंट पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर) अर्ध्याहून जास्त रजिस्टरं १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतींच्या आगीत गेली, १८६१ ते १८९१ च्या जनगणना सरकारने आधीच स्वतःच्या हाताने नष्ट केल्या होत्या. साध्या शेतमजुराचा माग काढायचा तर डोकं फुटतं. पण पोलिसाचं सर्व्हिस रजिस्टर लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'एचओ १८४' या क्रमांकाखाली शाबूत आहे, १८१६ ते १९२२. गरीब घरातल्या माणसाची उंचीसुद्धा कळते, अजून काय पाहिजे.

पहिलं काम: फोर्स कुठली ते ठरवा

'पोलिसात होते' एवढंच माहीत असेल तर आरआयसी धरून चालू नका. डब्लिन शहराची पोलीस वेगळी होती, डब्लिन मेट्रोपॉलिटन पोलीस, म्हणजे डीएमपी, १८३६ च्या कायद्याने उभी राहिलेली, ती १९२५ ला गार्डामध्ये, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या पोलिसांत, मिसळली. तिची रजिस्टरं युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या डिजिटल लायब्ररीत फुकट बघता येतात. बेलफास्टला १८६५ पर्यंत आणि डेरीला १८७० पर्यंत स्वतःची शहर पोलीस होती, मग आरआयसीने ताबा घेतला. बाकी सगळा देश आरआयसीचा, फक्त नावात 'रॉयल' १८६७ पासून, त्याआधी नुसती आयरिश कॉन्स्टॅब्युलरी.

घरात फोटो असेल तर नीट बघा, कॉलरवर नंबर आहे का, बटणावर काय आहे. आरआयसीचा गणवेश इतका गडद हिरवा की फोटोत काळाच वाटतो. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला, पण 'ते पोलिसात होते ना?' असा थेट बाण नका मारू, 'त्यांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या, मुलं कुठल्या गावी जन्मली' असं विचारा. मुलांची जन्मगावं दर तीन-चार वर्षांनी बदलत असतील तर घरात पोलीस होता असं समजायला हरकत नाही.

दुसरं: सर्व्हिस नंबर

आरआयसीच्या प्रत्येक शिपायाला भरतीच्या वेळी एक नंबर मिळायचा, शेवटचे नंबर ८० हजारांच्या वर जातात. रजिस्टर नंबरवार आहे, नावाची सूची वेगळी, म्हणून आधी सूचीतून नंबर काढायचा मग रजिस्टरचं पान. अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या दोन्ही साइट्सवर हे रेकॉर्ड आहे, पैसे भरावे लागतात, पण बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत यातलं एखादं फुकट वापरता येतं, आधी तिथे विचारा. डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मायक्रोफिल्मही आहे. जिम हर्लिही यांनी सगळ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावं वर्णानुक्रमे एका पुस्तकात छापली आहेत, ते संदर्भ विभागात मिळालं तर दहा मिनिटांत काम होतं. अधिकाऱ्यांची रजिस्टरं मात्र वेगळी, तिथे शिपायांच्या सूचीत नाव शोधत बसू नका.

नावाची गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात 'ओ' आणि 'मॅक' सर्रास गाळायचे. आजचे ओ'सुलिव्हन तेव्हा सुलिव्हन. दोन्हीकडे शोधा. आमचं आडनाव सांगत नाही, पण आयर्लंडमधलं जोशी-कुलकर्णी समजा, आणि पहिलं नाव पॅट्रिक! सूचीत डझनावारी निघाले. अशा वेळी घरच्या माहितीतली कुठलीही एक पक्की गोष्ट लागते, मूळ काउंटी (म्हणजे आपला जिल्हा), बायकोची काउंटी किंवा लग्नाचं साल, त्यावर चाळणी लावायची. आमच्याकडे 'आजी क्लेअरची' एवढंच माहीत होतं आणि तेवढं पुरलं.

तिसरं: ती एक ओळ वाचायची कशी

हा सगळ्यात मजेचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते. आपल्याकडच्या सर्व्हिस बुकातलं सगळं एका आडव्या ओळीत कोंबलंय असं समजा. नंबर, नाव, भरतीचं वय, उंची, धर्म, मूळ काउंटी, आधीचा धंदा, भरतीची तारीख, कुणाची शिफारस, लग्नाची तारीख, बायकोची मूळ काउंटी, मग बदल्या तारखांसकट, बढत्या आणि पदावनती, बक्षिसं, दंड, आणि शेवटी नोकरी कशी संपली: पेन्शन, राजीनामा, बडतर्फी की मृत्यू.

काय नाही तेही ऐका. आईबापांची नावं नाहीत. गाव नाही, फक्त काउंटी. लोक इथेच हात टेकतात, पण शिफारशीचा रकाना बघा ना, तिथे बहुतेक वेळा गावचा पाद्री, मॅजिस्ट्रेट किंवा त्या भागाचा पोलीस अधिकारी असतो. तो पाद्री त्या साली कुठल्या पॅरिशला होता हे जुन्या डिरेक्टरीत सापडतं, आणि पॅरिश कळली की अर्धं गाव कळलं.

बदल्यांचा नियम डोक्यात कोरून ठेवा: शिपायाला स्वतःच्या काउंटीत नोकरी नाही, आणि लग्नानंतर बायकोच्या काउंटीतही नाही. लग्नाला परवानगी लागायची आणि त्याआधी काही वर्षं नोकरी झालेली लागायची. आमचे पणजोबा रॉसकॉमनचे, १८८१ ला भरती, मग पोस्टिंग क्लेअरला, १८९० ला लग्न, बायको क्लेअरची, आणि त्याच महिन्यात बदली थेट कॉर्कला. रजिस्टरमध्ये दोन तारखा शेजारी शेजारी, बाकी काही नाही, पण गाठ कुठे पडली ते कळलं की! सासऱ्यांना दाखवलं तर पहिल्यांदाच हसले.

अडखळायच्या जागा तीन. एक, काउंट्यांची नावं: किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. कॉर्क, गॉलवे, टिपररी या मोठ्या काउंट्या पोलीस कामासाठी दोन-दोन भागांत होत्या, त्यांना रायडिंग म्हणायचे, रजिस्टरमध्ये नुसती ईआर, डब्ल्यूआर अशी अक्षरं दिसतात. गावांचंही तेच, क्वीन्सटाउन म्हणजे कोव, किंग्सटाउन म्हणजे डन लेअरी. दोन, हुद्दे: १८८३ मध्ये हुद्द्यांची नावं बदलली. त्याआधीचा 'सब-कॉन्स्टेबल' नंतर कॉन्स्टेबल झाला आणि आधीचा 'कॉन्स्टेबल' नंतर सार्जंट. म्हणजे १८७५ चा कॉन्स्टेबल आणि १८९० चा कॉन्स्टेबल एका पायरीचे नाहीत, एकाच माणसाचं डिमोशन झालं असं वाटून उगाच हळहळू नका. तीन, १९२० मध्ये भरती झालेले इंग्लंडकडचे लोक, ज्यांना ब्लॅक अँड टॅन्स म्हणतात आणि जे अत्याचारांसाठी बदनाम आहेत, तेही याच रजिस्टरमध्ये नियमित नंबर घेऊन आहेत. ऑक्झिलरी डिव्हिजन, म्हणजे माजी लष्करी अधिकाऱ्यांची तुकडी, वेगळी. भरतीची तारीख बघितल्याशिवाय घरात बॉम्ब टाकू नका.

दंडाचा रकाना वाचताना हसू येतं. आमच्या पणजोबांना दोनदा दंड, एकदा दारू पिऊन आणि एकदा रात्री बॅरेकबाहेर. मग सार्जंट झाले, म्हणजे सुधारले असावेत किंवा हुशार झाले असावेत.

चौथं: लग्नाच्या दाखल्यावरून आईबाप

रजिस्टरात लग्नाची तारीख आहे ना, ती घ्या आणि आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई वर जा. सरकारी साइट, फुकट, मूळ नोंदीची इमेज दिसते. जन्म, मृत्यू, कॅथलिक लग्नं यांची सरकारी नोंद १८६४ पासून, बिगर-कॅथलिक लग्नांची १८४५ पासून. जन्म १०० वर्षांहून जुने, लग्नं ७५ आणि मृत्यू ५० वर्षांहून जुने एवढेच ऑनलाइन. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या वडिलांची नावं आणि धंदा असतो, जे रजिस्टरात नव्हतं ते इथे मिळतं. लग्न बहुतेक मुलीच्या पॅरिशमध्ये व्हायचं म्हणून तिच्या काउंटीतल्या नोंदणी जिल्ह्यात शोधा. नवऱ्याचा पत्ता म्हणून 'पोलीस बॅरेक' असलं की खात्री पटते. वडिलांचं नाव कळल्यावर नॅशनल लायब्ररीच्या साइटवरची कॅथलिक पॅरिश रजिस्टरं, साधारण १८८० पर्यंतची, तीही फुकट, पण लॅटिन नावं आणि पाद्र्याचं कोंबडीच्या पायाचं अक्षर, चष्मा लावूनच बसा.

पाचवं: १९०१ आणि १९११ ची जनगणना

या दोन पूर्ण शाबूत राहिल्या, डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट. पण बॅरेकमध्ये राहणाऱ्या शिपायाचं नाव सर्चमध्ये येत नाही आणि लोक म्हणतात 'जनगणनेत नाहीतच'. आहेत हो! बॅरेकचा फॉर्म वेगळा, फॉर्म एच, आणि त्यात फक्त नावाची आद्याक्षरं लिहायचे. तेव्हा रजिस्टरवरून त्या वर्षीची काउंटी काढायची, तिथल्या बॅरेकचे फॉर्म उघडायचे आणि आद्याक्षरं, वय, धर्म, जन्मकाउंटी जुळवायची. लग्न झालेला आणि बाहेर घर घेतलेला असेल तर मात्र नेहमीच्या फॉर्म ए वर पूर्ण नावाने बायकामुलांसकट सापडतो.

आणि एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली: जनगणना घरोघरी जाऊन गोळा करणारे गणक हे पोलीसच होते. प्रत्येक फॉर्मवर खाली गणकाची सही असते. पणजोबांची पोस्टिंग माहीत असेल तर त्या बॅरेकच्या आसपासच्या वस्त्यांचे फॉर्म उघडून सह्या बघा, कदाचित त्यांच्या हातची सही आणि अक्षर बघायला मिळेल. आम्हाला १९०१ चं मिळालं, लेकाने प्रिंट काढून भिंतीवर लावलंय.

वयावर मात्र फार विश्वास नको. १९०८ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कितीतरी आयरिश लोक पंधरा वर्षांनी म्हातारे झाले.

शिपाई कोर्टात काय करत होता ते बघायचं असेल तर पेटी सेशन्सची, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या स्थानिक कोर्टाची, पुस्तकं, तिथे फिर्यादी म्हणून पोलिसाचं नाव असतं: कुणाचं गाढव रस्त्यावर मोकळं, कुणाच्या गाडीला दिवा नाही. वेळ असेल तर बघा, नसेल तर पुढे चला.

सहावं: पेन्शन आणि मृत्यू

इथून कबरीकडची वाट सुरू होते. क्यूला 'पीएमजी ४८' या क्रमांकाखाली आरआयसीच्या पेन्शनच्या वह्या आहेत, १८७३ ते १९२५, त्यात शिपायांशिवाय विधवा आणि मुलांच्या पेन्शनही, आणि बऱ्याचदा राहण्याचा पत्ता. नोकरीभर ज्याला स्वतःच्या आणि बायकोच्या काउंटीत पाय ठेवता आला नाही तो पेन्शनीत गेल्यावर कुठे जाईल? तीनच शक्यता: स्वतःचं गाव, बायकोचं गाव, किंवा शेवटच्या पोस्टिंगच्या जागी मुलांच्या शाळा चालू आहेत म्हणून तिथेच. पेन्शनचा पत्ता यातला कुठला ते सांगतो. १९११ ची जनगणना पण सांगते, धंद्याच्या रकान्यात 'आरआयसी पेन्शनर' लिहिलेलं असतं.

१९२२ नंतरचा मृत्यू असेल तर जरा पसरून शोधावं लागतं. फोर्स मोडल्यावर काहीजण उत्तरेत नव्या रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीत गेले, बरेच इंग्लंडला गेले, काही पॅलेस्टाइनच्या पोलीस दलात. उत्तर आयर्लंडमधला मृत्यू बेलफास्टच्या सरकारी नोंदणी साइटवर, तिथे पैसे पडतात. इंग्लंडला गेले असतील तर २९ सप्टेंबर १९३९ ला घेतलेलं तिकडचं राष्ट्रीय रजिस्टर बघा, त्यात जन्मतारीख असते आणि धंद्यात 'आरआयसी पेन्शनर' असं स्पष्ट लिहिलेलेही सापडतात. आयर्लंडमधून लाज म्हणून लपवलेलं तिकडे बिनधास्त लिहिलंय.

नोकरीत असताना १९२० नंतर मारले गेले असतील तर क्यूलाच 'डब्ल्यूओ ३५' मध्ये लष्करी चौकशीचे कागद बघा. ते वाचायला मन घट्ट करावं लागतं. अशांचं शव बहुतेक मूळ गावी पाठवायचे आणि वर्तमानपत्रात अंत्ययात्रेची बातमी यायची, त्यामुळे कबर शोधणं उलट सोपं जातं.

आता मृत्यूचा दाखला. त्या काळच्या आयरिश दाखल्यावर आईबापांची नावं नसतात आणि कुठे पुरलं तेही नसतं. सगळे इथे निराश होतात आणि दाखला बाजूला ठेवतात. ठेवू नका! खबर देणाऱ्याचा रकाना बघा: कोण होता, नातं काय, 'मृत्यूसमयी हजर' होता का, आणि त्याचा पत्ता. म्हातारा शेवटी कुणाच्या घरी होता ते तिथे कळतं, आणि ज्याच्या घरी होता त्यानेच पुरलं असणार.

यासोबत मृत्युपत्रांची सूची, १८५८ पासूनची. दक्षिणेची डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जवर, उत्तरेची बेलफास्टच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसकडे. चार ओळी असतात, पण मृत्यूची तारीख, ठिकाण, हुद्दा आणि मालमत्ता कुणाकडे गेली ते असतं. सार्जंट लोक काटकसरी, बऱ्याच जणांनी मृत्युपत्र केलेलं सापडतं.

सातवं: कबर

आमची चूक आधी सांगते म्हणजे तुमचं पेट्रोल वाचेल. पणजोबा रॉसकॉमनचे म्हणून आम्ही पहिल्यांदा तिकडेच गेलो, पावसात, दोन पडक्या चर्चभोवतीच्या दफनभूम्या पालथ्या घातल्या, हाताने शेवाळ खरवडलं (ते करायचं नसतं, दगड खराब होतो, नुसता टॉर्च तिरका धरायचा, अक्षरं उठून दिसतात). मग कॉर्कची सेंट फिनबार्स. काही नाही. घरी येऊन दाखला पुन्हा काढला, १९२७ चा, आणि बघते तर मृत्यू क्लेअरमध्ये किलरश जिल्ह्यात, खबर देणारा जावई. म्हणजे बायको गेल्यावर लेकीकडे गेले होते आणि लेक आईच्या माहेरच्या गावात दिलेली. हे सगळं पहिल्या दिवसापासून हातात होतं.

तर क्रम असा ठेवा: मृत्यूचं ठिकाण, तिथून जवळची दफनभूमी, मग बायकोच्या माहेरची, आणि सगळ्यात शेवटी त्याचं मूळ गाव. आयरिश घराण्यांचा जुन्या दफनभूमीत वहिवाटीचा प्लॉट असतो, आणि माणूस कुठे मरतो यापेक्षा प्लॉट कुणाचा आहे हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

मोठ्या शहरांत नोंदी चांगल्या. डब्लिनची ग्लासनेविन १८३२ पासूनची, तिचा डेटाबेस पैसे देऊन बघता येतो, आणि त्याच प्लॉटमध्ये आणखी कोण पुरलंय हेही कळतं, त्यातूनच माहीत नसलेली भावंडं निघतात. प्रोटेस्टंट शिपाई असेल तर डब्लिनचीच माउंट जेरोम बघा. बेलफास्टला सिटी काउन्सिलच्या साइटवर १८६९ पासूनच्या नोंदी नावाने शोधता येतात. खेड्यात मात्र काउंटी कौन्सिल आणि दफनभूमीचा केअरटेकर. केरी काउंटीने आपल्या नोंदी ऑनलाइन टाकल्यात, बाकी ठिकाणी ईमेल करा, फोन केला तर उत्तम, मृत्यूची नेमकी तारीख आणि आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं देऊनच विचारा. कॅथलिक चर्चकडे दफनाची रजिस्टरं क्वचितच असतात, प्रोटेस्टंट चर्चकडे असतात, आणि जुन्या सामाईक दफनभूमीत कधीकधी कॅथलिकही त्यांच्याच वहीत नोंदलेले मिळतात, म्हणून दोन्हीकडे विचारायचं. हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज आणि फाइंड अ ग्रेव्ह या साइट्सवर स्वयंसेवकांनी दगडांचे फोटो टाकलेत. तिथे त्यांच्या नावाने काही नाही आलं तर बायकोच्या माहेरच्या आडनावाने शोधा, सासऱ्याच्या दगडाखाली जावई, असं पुष्कळदा असतं.

आमचं तसंच झालं. केअरटेकरकडे वही होती, त्यात तारीख आणि प्लॉट होता, दगडावर मात्र पणजीच्या वडिलांचं नाव, तिच्या आईचं, तिचं, आणि सगळ्यात खाली 'आणि तिचा नवरा पॅट्रिक'. हुद्दा नाही, आरआयसीचा उल्लेख नाही. १९२७ च्या क्लेअरमध्ये कोण कोरणार.

मराठी वाचकांसाठी एक जाता जाता. आपल्या पोलिसांचा आणि यांचा संबंध आहे बरं का. चार्ल्स नेपियरने १८४३ ला सिंध घेतल्यावर तिथली पोलीस याच आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर बांधली, आणि पुढे मुंबई इलाख्याने ते वळण उचललं. तुमच्या शोधातला आयरिश माणूस किंवा त्याचा भाऊ पलटणीतून पुण्याला किंवा देवळालीला आला असेल, तर मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन ३' या मालिकेत आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत जसं गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्या निघतात, तसं इथे पॅरिश आणि साल सांगावं लागतं.

दफनभूमीत जाताना गमबूट, टॉर्च, एक मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि दाखल्याची प्रत न्या. वायर ब्रश, खडू, शेव्हिंग फोम असलं काही दगडाला लावू नका. फोटो काढताना शेजारच्या दोन-दोन दगडांचेही काढा, माहेरची माणसं तिथेच असतात. आमच्या सासऱ्यांनी घरी येऊन बटण साबणाने घासलं, हार्प दिसायला लागली, आणि ते आता शिवणाच्या डब्यात नसतं, टीव्हीशेजारी असतं.